कयामतीचे शास्त्र आणि दख्खनी जीभ

इंग्रजी भाषेतील जे शब्द डोळ्यांनी शंभर वेळा वाचलेले असतात परंतु कानांवर एकदाही पडलेले नसतात, त्यांची एक स्वतंत्र जात आहे. आणि आमच्या बाजूच्या सुशिक्षित मराठी माणसाची अर्धीअधिक विद्वत्ता याच जातीच्या शब्दांवर उभी असल्यामुळे ती कागदावर असते तोवर मोठी भक्कम दिसते व तोंडावाटे बाहेर पडू लागली की डळमळते. वैद्यकातील अवघड शब्द दवाखान्यात फी भरून का होईना ऐकावयास मिळतात, कायद्यातील शब्द वकिलांच्या कृपेने नको असले तरी ऐकावे लागतात. पण ईश्वरविषयक शास्त्रातील शब्दांची गोष्ट निराळी. ते शब्द ग्रीक धर्माचार्यांनी एकमेकांशी कडाकडा भांडून तयार केले, लॅटिन पंडितांनी ते पश्चिमेस नेले, इंग्रजांनी त्यांच्यावर आपला शिक्का मारला, आणि अखेरीस हैद्राबादच्या सुलतानबाजारात एखाद्या जुन्या पुस्तकाच्या पिवळ्या पानावर ते आम्हांस भेटले, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचा उच्चार सांगणारे कोणीही आलेले नव्हते.

या मंडळींपैकी 'एस्कॅटॉलॉजी' हा शब्द मला विशेष प्रिय आहे. एस्, क, टॉ, ल, जी असे त्याचे पाच अवयव. त्यांतील दुसरा व चौथा साहेब इतक्या चोरट्या आवाजात उच्चारतो की ते आहेत की नाहीत याची पंचनाम्यावाचून खात्री होऊ नये, आणि साऱ्या शब्दाचा भार एकट्या 'टॉ'वर टाकून तो मोकळा होतो. मूळ ग्रीक पाहू गेले तर 'एस्खातोस' म्हणजे शेवटचा आणि 'लोगोस' म्हणजे वचन, विचार, पर्यायाने शास्त्र. तेव्हा शब्दाचा सरळ अर्थ शेवटाचे शास्त्र. मृत्यू, अंतिम न्याय, स्वर्ग आणि नरक या चार गोष्टी ख्रिस्ती परंपरेत शेवटच्या म्हणून गणल्या जातात व त्यांचा सांगोपांग विचार या शास्त्रात होतो. आपल्याकडे कल्पान्त, प्रलय आणि यमराजाचा दरबार यांचा जो खटाटोप आहे, किंवा मुसलमानी परिभाषेत ज्यास कयामत म्हणतात, त्याचेच हे तिकडचे दप्तर. कल्पना पुरातन असली तरी इंग्रजीत तिला हे भारदस्त नाव मिळाले ते एकोणिसाव्या शतकात. तोवर बिचारा इंग्रज कोणत्याही पारिभाषिक संज्ञेच्या आधारावाचूनच नरकाला भीत होता.

येथवर सारे गंभीर आहे. परंतु या शब्दाच्या उच्चाराला अगदी लागून दुसऱ्या एका शब्दाचे बिऱ्हाड आहे, आणि शेजार वाईट असला म्हणजे सज्जनावर काय प्रसंग येतो याचे ते उत्तम उदाहरण होय. ग्रीकमध्ये 'स्कोर' म्हणजे विष्ठा, आणि त्याचे षष्ठीचे रूप 'स्कातोस'. त्यापासून 'स्कॅटॉलॉजी' झाले. पुराणकाळच्या प्राण्यांनी मागे ठेवलेल्या व कालौघात दगड बनलेल्या शेणालेंड्यांवरून त्यांचा आहार ठरविणारे संशोधक या शास्त्राला फार मान देतात, आणि ज्या ग्रंथकारांच्या विनोदाची धाव शौचकूपापलीकडे जात नाही त्यांच्या लेखनासही टीकाकार हेच नाव देतात. साहेबाच्या तोंडी या दोन शब्दांत आरंभीच्या एका स्वराखेरीज तिळमात्र अंतर नाही. तो स्वर उच्चारला तर माणूस परमेश्वराच्या न्यायासनासमोर उभा राहतो. तो गळाला तर कोठे उभा राहतो हे सांगावयास नको.

आता एवढा मोठा निकाल जर एका स्वरावर लोंबकळत असेल, तर तो स्वर ज्या जिभेच्या स्वाधीन करावयाचा त्या जिभेची चौकशी केली पाहिजे; आणि हैद्राबादेत तर एकाच गल्लीत तीन जिभा नांदतात. तेलुगू जीभ परक्या शब्दाला शेवटी उकार जोडल्यावाचून सोडीत नाही; बसचा 'बस्सु' आणि कारचा 'कारु' झाल्यावरच ती वाहने येथील रस्त्यांवर सुरळीत चालू लागतात. दख्खनी जीभ शेवटाकडे न पाहता आरंभी बंदोबस्त करते. शब्दाच्या तोंडाशी सकार आणि दुसरे एखादे व्यंजन हातात हात घालून उभे दिसले की ती त्यांच्यापुढे इकाराचा चोपदार ठेवते व मग 'इस्कूल', 'इस्टेशन', 'इस्टूल' अशी स्वारी निघते. मराठी जीभ या दोघींच्या मध्ये राहते आणि आपण 'स्कूल' व 'स्टेशन' असे निखळ उच्चार करतो याचा तिला गुप्त अभिमान असतो. १७७९ साली वडगावच्या मोहिमेत पडलेल्या शूर कॅप्टन स्ट्यूअर्टला आमच्याच पूर्वजांनी 'इष्टूर फाकडा' करून ठेवले आहे, ही गोष्ट हा अभिमान बाळगणारे सोयीस्करपणे विसरतात. बरे, अभिमान मनातल्या मनात राहील तर चिंता नाही. पण त्याचा अतिरेक झाला म्हणजे आरंभीचा जो स्वर शब्दाचा कायदेशीर वारस असतो, त्यालाही घुसखोर समजून बेदखल करण्याची वासना होते.

असा एक प्रसंग येथील एका मराठी संस्थेच्या व्याख्यानमालेत पुष्कळ वर्षांपूर्वी घडला. संस्थेचे नाव सांगत नाही. वक्त्यांचे तर सांगणारच नाही. ते बाहेरगावाहून मुद्दाम आलेले प्राध्यापक होते आणि उच्चारशुद्धीच्या बाबतीत इतके कर्तव्यदक्ष, की व्याख्यानापूर्वी चहा घेताना "इस्टूल सरकवू का?" असे विचारणाऱ्या शिपायाकडून त्यांनी 'स्टूल' हा शब्द दोनदा म्हणवून घेतला आणि तोवर चहा निवू दिला. व्याख्यानाचा विषय जगातील धर्मांचा परलोकविचार असा होता. प्रास्ताविक आटोपताच वक्त्यांनी धीरगंभीर स्वरात जाहीर केले, की प्रत्येक थोर संस्कृतीच्या तळाशी स्कॅटॉलॉजी असते. आपल्या विद्वानांनी या विषयाकडे पाहून आजवर नाक मुरडले, ही शोचनीय गोष्ट होय. आणि ही स्कॅटॉलॉजी पश्चिमेकडून आयात झालेली नसून ती आपल्या पूर्वजांनी आपल्यासाठी मागे ठेवलेली अमोल ठेव आहे.

पहिल्या रांगेत सरकारी इस्पितळातून सेवानिवृत्त झालेले एक वयोवृद्ध डॉक्टर बसले होते. इतर श्रोते ज्या शांतपणे माना डोलावीत होते त्या शांतपणे त्यांस डोलाविता येईना, कारण त्या सभेत तो शब्द पूर्वी ऐकलेले असे ते एकटेच होते. त्यांच्या शेजारी निजामी अमदानीत माल खात्याची पेशकारी करून निवृत्त झालेले एक नांदेडकडचे गृहस्थ होते. त्यांचे सारे शिक्षण उर्दूतून झालेले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने सगळ्या विद्या उर्दूतून शिकविण्याचा जो अपूर्व उद्योग आरंभिला आणि त्याकरिता १९१७ मध्येच दारुत्तर्जुमा नावाचे भाषांतरखाते उघडून पाश्चात्त्य शास्त्रांच्या परिभाषेला अरबी-फारसी पोशाख शिवून देण्याची व्यवस्था केली, त्या टाकसाळीत पेशकारसाहेबांची बुद्धी पाडलेली होती. इंग्रजी शब्द कानी पडला की त्याचा उर्दू पर्याय मनाशी जुळवून पाहिल्याखेरीज त्यांस चैन पडत नसे.

"डॉक्टरसाहेब, हे काय फर्मावतात?" त्यांनी हलकेच विचारले.

"तुम्हीच विचारा. मला विचारवत नाही," डॉक्टर म्हणाले.

पेशकारसाहेब उठले. "प्रोफेसरसाहेब, गुस्ताखी माफ असावी. या लफ्जाची थोडी तफसील व्हावी. आपण म्हणता ती इस्ख़टॉलजी, म्हणजे ख़यामतचा इल्म, बरोबर ना?"

वक्त्यांनी अत्यंत अनुकंपेने स्मित केले. "अर्थ बरोबर आहे आपला. पण उच्चार स्कॅटॉलॉजी. आरंभी इकार नाही."

"इकार नसेल तर महाराज," डॉक्टर बसल्या जागेवरून म्हणाले, "तो माझ्या खात्याचा विषय. त्याचे व्याख्यान होत नसते. नमुना सकाळी बाटलीतून पाठवावा लागतो."

सभा पुढे कशी चालली याचा वृत्तान्त संस्थेच्या इतिवृत्तात नाही, आणि त्यावाचून वाचकांचे काही अडतही नाही. परंतु त्या दिवशी सर्वांनी डॉक्टरांच्या कोटीला दाद दिली आणि पेशकारसाहेबांच्या उच्चाराला हसून घेतले, हा निवाडा मात्र फेरतपासणीस पात्र आहे. कारण आरंभीचा स्वर जागेवर ठेवणारे त्या चर्चेत ते एकटेच होते, आणि पुढे त्यांनी जो 'ख' काढला त्याचा दावा तर साहेबाच्या 'क'पेक्षाही बळकट निघतो.

ग्रीक वर्णमालेत 'खी' नावाचे एक अक्षर आहे. प्लेटोच्या काळी अथेन्समध्ये त्याचा उच्चार आपल्या महाप्राण 'ख'सारखाच होत असे. 'थीटा' म्हणजे आपला 'थ' आणि 'फी' म्हणजे आपला 'फ', तोही खालचा ओठ दातांना न लावता ओठांवर ओठ आपटून काढलेला. पुढे काळाच्या ओघात ही व्यंजने घर्षक बनली आणि आजचा ग्रीक मनुष्य 'एस्खातोस' म्हणताना घशातला 'ख़' काढतो. रोमनांपाशी या वर्णासाठी अक्षर नव्हते, म्हणून त्यांनी दोन अक्षरे जोडून काम भागविले. इंग्रजांनी ती जोडाक्षरे जपली, प्राण मात्र सोडून दिला, आणि 'ख'चा कोरडा 'क' केला. शिवाय या बाबतीत त्यांचे धोरण एकसारखे असते तरी चालले असते! ख्रिस्ताच्या ग्रीक नावात 'ख' आहे, तेथे इंग्रज 'क' म्हणतो. आणि 'चर्च' हा शब्द ज्या 'कुरिआकोन'पासून, म्हणजे प्रभूचे घर या अर्थाच्या शब्दापासून आला, त्यात मुळात 'क' आहे, तेथे तो 'च' म्हणतो. आपल्या देवाचे नाव आणि देवाचे घर या दोहोंचाही उच्चार ज्याने बिघडविला, त्याच्यापुढे आमचा मराठी मास्तर 'थिऑलॉजी'तला 'थ' चुकला म्हणून शतकभर कान धरून उभा राहिला, आणि प्लेटोने ऐकले असते तर मास्तरांना पुढच्या बाकावर बसवून साहेबालाच शिकवणी लावली असती, ही गोष्ट मास्तरांना कोणी सांगितली नाही.

आता दख्खनी 'ख़'कडे वळू. हैद्राबादी उर्दूत अरबी 'क़'चा सर्रास 'ख़' होतो, हे सर्वश्रुत आहे. क़लमाची ख़लम, क़ाज़ीचा ख़ाज़ी, कुतुबशाहीची ख़ुतुबशाही. आणि मित्राने काकुळतीस येऊन "तुम्हारी ख़सम" असे म्हटले तर तो शपथ घेत आहे, नवऱ्याची चौकशी करीत नाही, एवढे नवख्याने ध्यानात ठेवावे. गंमत अशी, की जर्दाळूच्या ज्या पक्वान्नात मुळी शुद्ध 'ख़'च आहे त्या ख़ुबानीच्या मिठ्याला येथील कैक पाट्यांवर 'क़ुबानी का मीठा' म्हणून मिरविलेले आढळते. साऱ्या शहराने आयुष्यभर गाळलेल्या क़ाफांची भरपाई एका मिष्टान्नात करून टाकण्याची ही तोड मला फार उदार वाटते. उत्तरेकडील उर्दूवाले या उच्चारास हसतात. परंतु ज्या दोन शब्दांवर आमच्या सगळ्या कचेऱ्या चालल्या ते 'कलम' आणि 'कानून', हे अरबीच्या वाटेने आलेले मूळचे ग्रीक 'कालामोस' आणि 'कानोन' होत. माल कचेरीतील कारकून कानावर कलम ठेवून कानूनचा हवाला देत होता तेव्हा तो नकळत ग्रीकच बोलत होता. उर्दूतला 'कलीसा' आणि 'फ़लसफ़ा' हेही त्याच देशचे पाहुणे. आणि ज्योतिष्याला जन्मपत्रिका दाखवून 'होरा' नि 'केंद्र' यांची चर्चा करणारे आमचे आजोबा तरी निराळे काय करीत होते?

या शहरात उच्चाराची रीतसर न्यायकचेरीही आहे. १९५८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी इंग्रजी शिकविणाऱ्यांना शिकविण्याकरिता केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली; १९७२ मध्ये तिच्या नावात परकीय भाषांची भर पडली आणि २००७ पासून ती केंद्रीय विद्यापीठ आहे. देशोदेशीचे नव्हेत तरी प्रांतोप्रांतीचे मास्तर येथे येऊन ओठ कितपत गोल करावे व जीभ दातांशी कोठवर न्यावी याचा अभ्यास करीत आले. भारतीयांचे इंग्रजी ऐकणाऱ्यांना कितपत कळते याचे मोजमाप करणारा आर. के. बन्सल यांचा प्रबंध याच संस्थेने १९६९ साली प्रसिद्ध केला. काम अत्यंत उपयुक्त आहे, यात वाद नाही; फक्त इंग्रजांनी उच्चारलेले ग्रीक ग्रीकांना कितपत कळते, याची मोजणी करण्याचे कोणास सुचले नाही, एवढीच त्यात तरतूद राहून गेली.

तेथून हुसेनसागराच्या बांधाखालच्या रस्त्याने गांधीनगरकडे आले की आंध्र ख्रिश्चन थिऑलॉजिकल कॉलेज लागते. १९६४ साली राजमहेंद्रीस स्थापन झालेले हे विद्यालय १९७३ मध्ये हैद्राबादेत आले. तेथील परीक्षा सेरामपूरच्या सिनेटकडून होतात, आणि बंगालमधील ते सेरामपूर म्हणजे मराठी वाचकाला परके गाव नव्हे. विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण, १८१० साली कोश आणि १८११ साली मराठी नवा करार तेथूनच छापून काढला. त्या कराराचे मूळ ग्रीक. तेव्हा ग्रीक आणि मराठी यांची भेट साहेबी उच्चाराच्या खिडकीतून न होता परस्पर झाल्याला दोनशे वर्षे उलटून गेली आहेत. आणि कॉलेजात एखादा तेलुगू विद्यार्थी मूळ ग्रीकचा धडा घेताना शब्दाच्या शेवटी सवयीने एखादा स्वर जोडून मोकळा होत असेल, तर परमेश्वरास त्यामुळे अर्थबोध होणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

अर्थात धर्माच्या प्रांतात उच्चार म्हणजे केवळ थट्टेचा विषय, असे कोणी समजू नये. आमच्याच परंपरेत त्वष्ट्याने इंद्राचा वध करणारा पुत्र मागितला, पण 'इंद्रशत्रु' या शब्दातील स्वराघात चुकीच्या जागी पडल्यामुळे अर्थ उलटला आणि तो पुत्र, म्हणजे वृत्रच, मारला गेला. 'टॉ'वर भार द्यावयाचा की 'कॅ'वर, या शंकेने घाम फुटणाऱ्या वक्त्याने ही कथा जरूर आठवावी. बायबलातील शास्त्यांच्या ग्रंथात तर यार्देन नदीच्या उतारावर 'शिब्बोलेथ' हा शब्द म्हणवून घेऊन ज्यांच्या तोंडून 'सिब्बोलेथ' निघाला त्या बेचाळीस हजारांची कत्तल झाल्याची नोंद आहे. आणि ३२५ साली निकायाच्या परिषदेने पिता व पुत्र यांचे तत्त्व एकच, या अर्थी 'होमोऊसिओस' शब्द पत्करल्यावर, त्याच्या पोटात 'इओटा' हे ग्रीक वर्णमालेतले सर्वांत चिमुकले अक्षर सरकवून 'होमोइऊसिओस', म्हणजे तत्त्व एक नव्हे तर सारखे, असे म्हणणारा पक्ष उभा राहिला व चौथ्या शतकातील बिशपांची झोप उडाली. इकाराचा एवढा प्रताप वाचून मराठी माणसाला आश्चर्य वाटत नाही, उलट आप्तभेटीचा आनंद होतो. कारण १९६२ साली साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे चौदा नियम केले आणि १९७२ मध्ये आणखी चार केले, तेव्हापासून आपल्याकडेही ऱ्हस्व इकार व दीर्घ ईकार यांचे दोन पंथ आहेतच, आणि त्यांत अद्याप कत्तल झालेली नाही, हे आपल्या सहिष्णुतेचे द्योतक होय.

परंतु जी मंडळी हे शब्द खरोखर जाणत होती त्यांचे वर्तन पाहिले म्हणजे आपला हा सारा आटापिटा किरकोळ वाटू लागतो. पंडिता रमाबाईंना संस्कृत मुखोद्गत होते. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून बायबलाचे मराठी भाषांतर केले, आणि १९२२ साली त्यांचे देहावसान झाल्यावर १९२४ मध्ये तो संपूर्ण ग्रंथ केडगावच्या मुक्तिसदनाने प्रसिद्ध केला. तीन शास्त्रीय भाषांचे भांडार हाताशी असताना बाईंनी आग्रह धरला तो सोप्या मराठीचा, खेड्यातल्या बायांना कळेल अशा बोलीचा. एस्खातोस कशास म्हणतात हे ज्यांस खरोखर ठाऊक होते त्यांनी सरळ 'शेवटचा' म्हटले; आणि ज्यांस ते पुस्तकाच्या पाठीमागच्या सूचीवरून ठाऊक झाले, ते इकाराचा पाठलाग करीत भलत्याच खात्यात जाऊन पडले.

स्पेन देशाने यावर एक तोडगा काढला आहे. तेथील जीभही सकाराच्या जोडाक्षरापुढे आमच्या दख्खनी जिभेप्रमाणेच स्वर ठेवते, त्यामुळे त्यांच्या कोशात जगाच्या अंताचे शास्त्र आणि विष्ठेचे शास्त्र या दोहोंनाही 'एस्कातोलोखिआ' हे एकच नाव असून लेखनात व उच्चारात काडीचा फरक नाही. कॅथलिक पंथाची एवढी मोठी परंपरा या नावाखाली तेथे बिनबोभाट चालली आहे. वक्ता कोणत्या शास्त्राविषयी बोलतो हे श्रोते संदर्भावरून ओळखतात, आणि ओळखता आले नाही तर दोष उच्चाराचा नसून व्याख्यानाचा आहे असे समजतात.

म्हणून वाचकांस माझे सांगणे थोडके आहे. कोणी 'इस्खटॉलजी' म्हणाला तर त्याला आधी अर्थ विचारावा, आणि अर्थ ठीक निघाला तर उच्चाराचे कलम त्याच्यावर लावू नये. स्वतः बोलताना आरंभीच्या स्वराविषयी संशय आला तर तो गाळण्यापेक्षा घातलेला बरा, कारण स्वर जास्त झाला तर फार तर लोक हसतात. कमी पडला तर डॉक्टर नमुना मागतात.